वरच्या हौदावरचा भोंगा

या सदरातले न उलगडलेले अनुभव मी जेवताना वाचते आणि ताट उचलायच्या आत प्रत्येकाचं उत्तर काढून मोकळी होते. वायरिंग सैल असेल, ताप चढला असेल, झोप झाली नसेल… बास. कराडला आमच्या घरात कधी कुणाची दृष्टसुद्धा काढली नाही, वडील हसायचे त्याला. शिवाय माझं कामच असं आहे, की मशीन वेडंवाकडं वागलं तर ते का वागलं हे शोधायचं. आणि कारण सापडतं. उशिरा का होईना, सापडतं. त्यामुळे हे लिहायला घेतल्यापासून कितीदा तरी लॅपटॉप बंद केलाय. शेवटी नवरा म्हणाला, लिहून टाक एकदाचं, म्हणजे घरात येरझाऱ्या घालायची थांबशील.

मी सांगलीत विश्रामबागला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे. औषधाच्या दुकानावर तीन खोल्या आणि मोजकी माणसं. उपसा सिंचन योजनांच्या पंप हाऊसमध्ये जे कंट्रोल पॅनल असतं, त्याच्या आतला प्रोग्रॅम आम्ही लिहितो. अशी योजना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते — खाली कालव्याच्या काठी पंप असतात. तिथून जाडजूड लोखंडी पाइप टेकडी चढून वर जातो. वर काँक्रीटचा एक खोल हौद. पाइपातलं पाणी त्या हौदात येऊन आदळतं आणि तिथून पाटानं शेतांकडे जातं. खाली पंपाजवळ बसलेल्या माणसाला वरचा हौद दिसत नाही, मधे टेकडी असते. म्हणून हौदाच्या काठावर एक भोंगा बसवतात. पंप सुरू व्हायच्या आधी तो वाजतो… हौदात किंवा पाटात कुणी असेल तर त्यानं बाहेर पडावं म्हणून.

या भोंग्याचा भाग मुळात निकम काकांनी लिहिलेला. काका साताऱ्याचे, सैन्यात सिग्नलमध्ये होते. रिटायर होऊन आमच्याकडे आले आणि आमच्या बरोबरीनं बसून प्रोग्रॅमिंग शिकले. आमची पहिली योजना सातारा जिल्ह्यातली. तेव्हा भोंगा किती वेळ वाजवायचा यावर ऑफिसात कुणी फारसा विचार केला नव्हता. काका मात्र साइटवर गेले, गावातल्या एका आजीबाईंना बरोबर घेतलं आणि त्यांच्या चालीनं हौदापासून पाटाच्या बाहेरपर्यंत चालून आले. मग परत येऊन पाच मिनिटं लिहिली. मी म्हटलं होतं, काका, पाच जास्त होतात. तर म्हणाले, "पोरी, तू पळत येशील गं. म्हातारी कशी यील?"

गेल्या वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. साताऱ्यात गोडोलीला घरीच असतात. काकू त्यांचं सगळं करतात.

आता थोडं तांत्रिक सांगावंच लागेल. साताऱ्याचं काम झाल्यावर आम्हाला सांगलीच्या पूर्व भागातली, आटपाडीच्या पलीकडची एक योजना मिळाली. प्रोग्रॅम तोच, पण पंप वेगळे, गरजा वेगळ्या. अशा वेळी मूळ प्रोग्रॅमला फाटे फोडतात, त्याला ब्रांच म्हणतात. आमच्याकडे एक ‘सातारा’ ब्रांच आणि एक ‘सांगली’ ब्रांच. दोन्हीकडे त्याच नावाच्या फाइली, आतला मजकूर थोडा थोडा वेगळा. मग बिल्ड करणारं एक टूल असतं. तुम्ही ज्या ब्रांचवर असाल तिथल्या फाइली घेऊन ते मशीनला कळेल असा एक गठ्ठा बांधून देतं. पण हे टूल जरा आळशी असतं. एखाद्या फाइलीत बदल झालेला नाही असं त्याला वाटलं, की ते आधी करून ठेवलेला तुकडाच पुन्हा वापरतं. वेळ वाचतो… मात्र ब्रांच बदलताना कधी कधी घोळ होतो. तुम्ही उभे सांगलीवर आणि गठ्ठ्यात एखादा तुकडा साताऱ्याचा! आमच्या धंद्यात हे सर्दी-पडशासारखं आहे. होतं, आणि औषधही ठाऊक असतं. जुने तुकडे पुसायचे आणि पहिल्यापासून बिल्ड करायचं.

तर पूर्व भागातल्या त्या योजनेवर लाईट सारखी जायची-यायची. लाईट आली की पॅनल आपोआप पंप सुरू करतं, पण आधी पाच मिनिटं भोंगा. योजनेच्या लोकांचं म्हणणं, लाईट असते तेवढ्यातला वेळ भोंग्यातच जातो, हे कमी करा. आमच्या सरांनी मीटिंग घेतली. बिरू म्हणाला, तिकडं लोक हौदात उतरतात. बिरू म्हणजे बिरुदेव, माझा सहकारी. त्याच भागातला, घरी आजही मेंढरं आहेत. मीही काकांचं ते आजीबाईंबरोबरचं चालणं सांगितलं. पण योजनेचा आग्रह होता, आणि हौदाला कुंपण घालायचं त्यांनी कबूल केलं. भोंगा अर्ध्या मिनिटावर आला. सांगली ब्रांचमधल्या भोंग्याच्या फाइलीत बिरूनं आकडा बदलला. बिल्ड करून, टेबलावर तपासून, साइटवर जाऊन ते पॅनलमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं.

ऑफिसात टेबलावर आम्ही साइटसारखंच एक पॅनल ठेवलंय. त्यात भोंग्याच्या जागी लाल दिवा आणि पंपाच्या जागी हिरवा. सांगली ब्रांच घेतली, बिल्ड केलं, पॅनलमध्ये भरलं, चालू केलं. लाल दिवा लागला… आणि विझेना. चांगली पाच मिनिटं झाल्यावर विझला आणि हिरवा लागला.

साताऱ्याचा तुकडा राहिला, दुसरं काय! मी जुने तुकडे पुसले, पहिल्यापासून बिल्ड केलं. पुन्हा पाच मिनिटं. फाइल उघडून बघितली, तिथे स्वच्छ अर्धं मिनिट. फोल्डर उडवून सर्व्हरवरून सगळं नव्यानं घेतलं. पुन्हा तेच. माझ्या मशीनवर सातारा ब्रांच आता नावालाही नव्हती, तरी लाल दिवा पाच मिनिटं.

बिरू म्हणाला, माझ्या लॅपटॉपवर करून बघू. त्यानं केलं. लाल दिवा लागला, अर्ध्या मिनिटात विझला, हिरवा लागला. पुन्हा लावून बघितलं, अर्धं मिनिट. जेवून आल्यावर बघितलं, तेव्हाही अर्धं मिनिट. म्हणजे माझ्याच लॅपटॉपवर कुठेतरी जुना तुकडा दडलेला होता. हे पटण्यासारखं कारण होतं. साइटवर बिरूचं बिल्ड न्यायचं ठरलं.

एरवी कारण मिळालं की मी शांत होते. त्या दिवशी झाले नाही. काय होत होतं ते नीट सांगता येत नाही… खुर्चीत बसवेना. चहा समोर निवून गेला. खाली दुकानापर्यंत जाऊन आले, परत वर आले, पुन्हा खाली गेले. बसलं की काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं आणि काय विसरले तेच आठवत नव्हतं. बिरूनं दोनदा विचारलं, ताई, बरं नाही का? मी म्हटलं, उन्हाचं असेल.

संध्याकाळी घरी पोचले तेवढ्यात निकम काकूंचा फोन. काकू एरवी फोन करत नाहीत, सणासुदीला मीच करते. म्हणाल्या, सकाळपासून काकांचं काहीतरी बिनसलंय. झोपेनात, जेवेनात, डावा हात पलंगाच्या दांड्यावर सारखा आपटतात. डॉक्टरांनी बघितलं, बी.पी. ठीक आहे म्हणाले. "तुझा फोटू दावत्यात गं सारखा, हापिसातला, भितीवरचा. बोट करत्यात अन् रडत्यात. काय झालंय का तकडं?"

मी सांगितलं, काही नाही झालं, सगळं ठीक आहे, रविवारी येऊन भेटून जाते. फोन ठेवला. काम काय चाललंय, भोंग्याचा वेळ बदललाय, यातलं अवाक्षर मी बोलले नव्हते. आजारी माणसाला कशाला ते…

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बिरू कंपनीच्या गाडीनं निघालो. तासगाव, विटा करत पुढे. वाटेत मी खिडकीची काच खाली-वर करत होते, शेवटी बिरूनं एसी बंद करून टाकला. योजना पाइपच्या दुरुस्तीसाठी हिवाळ्यापासून बंद होती आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाणी सोडायचं होतं. पंप हाऊसवर योजनेचा ऑपरेटर होता. वरचा हौद बघून आलात का, असं विचारलं, तर म्हणाला, माणूस सकाळीच जाऊन आलाय, मोकळा आहे. कुंपण? ते होईल म्हणाला, सामान आलंय.

आम्ही प्रोग्रॅम भरला. पॅनलच्या स्क्रीनवर नव्या बिल्डचा नंबर आला, बरोबर होता. पंपाचा मेन स्विच बंद ठेवून एकदा चालवून बघितलं. स्क्रीनवर आकडे उलटे मोजत आले, अर्ध्या मिनिटात शून्य. सगळं जसं हवं तसं. मग मेन स्विच चालू केला, पॅनल ऑटोवर टाकलं… आणि लाईट गेली. ऑपरेटरनं फोन लावून विचारलं. लाइनचं काम निघालंय, संध्याकाळपर्यंत येत नाही असं कळलं.

मला त्या पंप हाऊसमध्ये बसवेना. ऊन डोक्यावर आलेलं, बिरू डबा उघडत होता. मी म्हटलं, वर जाऊन भोंग्याची वायर बघून येते. तो म्हणाला, ताई, जेवून जाऊ, मीही येतो. मी ऐकलं नाही. खरं तर वायर बघायची काही गरज नव्हती. पाय थांबत नव्हते, एवढंच.

पाइपाच्या कडेनं पायवाट आहे. चढून वर गेले आणि हौदाच्या काठावरून आत डोकावले, तर आत माणसं!

खाली सावलीला एक म्हातारी पाय पसरून बसलेली. शेजारी धोतराच्या फडक्यावर चार-पाच वर्षांची पोर झोपलेली. आणि चिमुकली कोकरं, कोपऱ्यात साचलेल्या पाण्याभोवती. कळप चरायला गेला असणार आणि ही लहानगी मागं ठेवलेली. मी वरून हाक मारली. म्हातारीनं हात हलवला, ऐकू आलं नाही बहुतेक. हौदात उतरायच्या लोखंडी पायऱ्या दुरुस्तीत कापून टाकलेल्या. मग पुढे जाऊन, पाट जिथे उथळ होतो तिथून आत शिरले आणि पाटातून चालत मागे हौदात आले. पाटाच्या भिंती माझ्या डोक्याच्या वर होत्या. वाट एकच, आली तीच.

मी म्हटलं, आजी, आज पाणी सोडणार आहेत, इथं बसू नका.

"लय गार हाय बग हितं," म्हातारी म्हणाली. "पानी कवाधरनं बंदच हाय. बस जरा, कुटनं आलीस?"

मी खाली वाकून पोरीला उठवायला लागले, आणि डोक्यावर भोंगा वाजला.

लाईट आली होती.

मला त्या क्षणी जे कळलं ते त्या दोघींना कळणं शक्य नव्हतं. अर्धं मिनिट. मी स्वतःच्या हातानं भरलेलं अर्धं मिनिट! पाटातून बाहेर पडायच्या जागेपर्यंत मी एकटी जीव खाऊन पळाले असते तरी कदाचितच पोचले असते. म्हातारी तर गुडघ्यावर हात ठेवून अजून उठतच होती. मी पोरीला उचललं आणि तिला म्हटलं, चला, पळा. ती म्हणाली, "लेकरू घिऊन हो पुडं. ह्येंस्नी घिऊन येते मी." आणि कोकरांना हाकायला लागली.

मी पळाले. पोर खांद्यावर रडत होती. मी मनात मोजत नव्हते, पण अंगाला कळतं ना… आता संपेल, आता संपेल. प्रत्येक पावलाला वाटत होतं की आता आवाज थांबणार आणि मागून पाणी येणार. आवाज थांबला नाही. पाट उथळ झाला, पोरीला काठावर ठेवलं, भोंगा वाजतच होता. पोरीला म्हटलं इथून हलू नको, आणि मी परत आत गेले. का गेले ते मला विचारू नका. विचार केला असता तर गेले नसते.

म्हातारी अर्ध्या वाटेवर होती. गुडघा धरून, एक कोकरू काखेत, बाकीची पुढे घालून. मी दोन कोकरं उचलली, तिचा दंड धरला. ती तिच्याच चालीनं चालत होती, त्यापेक्षा वेगानं तिला येताच नव्हतं. एक कोकरू उलटं फिरलं, ती थांबली, जीभ टाळूला लावून त्याला हाक दिली, ते वळलं, मग पुढे निघाली. मी रडत होते की ओरडत होते आठवत नाही. वर भोंगा एकाच सुरात, जराही न तुटता… वाजत होता.

आम्ही काठावर चढलो. शेवटचं कोकरू म्हातारीनं मागच्या पायाला धरून वर ओढलं, आणि भोंगा थांबला.

मग पाइपातून हवा सुटल्याचा आवाज आला, जमीन थरथरली, आणि पाणी हौदात आदळलं. गढूळ, लाल, फेसाळ पाणी, पाटाच्या भिंतीच्या वर उसळत आमच्या पायांशी आलं. पोरीचं फडकं त्यात वाहत गेलं.

म्हातारीनं काखेतलं कोकरू खाली सोडलं. मग मला म्हणाली, "भोंगा चांगला हाय बाई. सवड देतोय."

मी पोरीला तिच्याजवळ दिलं आणि पायवाटेनं खाली निघाले.

खाली आले तेव्हा बिरूचा चेहरा उतरलेला. मला वर रेंज नव्हती, तो फोन लावून थकला होता. तो म्हणाला, ताई, प्रोग्रॅम अडकला होता. लाईट आली, स्क्रीनवर आकडे उलटे मोजत शून्यावर आले आणि शून्यावरच राहिले. पंप सुरू होईना. भोंग्याचा सिग्नल चालूच. हौद मोकळा आहे आणि मी पायवाटेवर आहे असंच त्याला वाटत होतं, म्हणून त्यानं पॅनल बंद केलं नाही. नक्की काय बिघडलंय ते बघायला लॅपटॉप जोडत होता, तोवर पंप आपोआप सुरू झाले. मी त्याला हौदातलं सांगितलं.

मग आम्ही पॅनलमधली नोंद काढली. पॅनल प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवतं. तिथे लिहिलं होतं — भोंगा सुरू, आणि अर्ध्या मिनिटानं पंप सुरू. नोंदीप्रमाणे तो कुठे अडकलाच नव्हता. बिरू म्हणाला, मी इथं उभा होतो ना! ऑपरेटरही म्हणाला, शून्य लय वेळ दिसत होतं.

त्याच दिवशी सरांना फोन करून ते बिल्ड असलेलं कंट्रोलर कार्ड आम्ही काढलं, पाच मिनिटांचं जुनं बिल्ड दुसऱ्या कार्डात भरून बसवलं आणि कुंपण झाल्याशिवाय पाणी सोडणार नाही असं लिहून घेतलं. सर एका शब्दानं आडवे आले नाहीत.

पण मला कारण हवं होतं. साइटवरून काढलेलं ते कार्ड आम्ही तसंच सांगलीला आणलं. त्यातला प्रोग्रॅम परत वाचून काढला आणि बिरूच्या बिल्डशी ताडून पाहिला. एका अक्षराचा फरक नव्हता. साताऱ्याचा तुकडा कुठेही नव्हता. तेच कार्ड टेबलावरच्या पॅनलला लावून पुन्हा पुन्हा चालवलं, लाईट घालवून आणून चालवलं, गरम करून चालवलं. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट आणि हिरवा दिवा. आणि माझा तो लॅपटॉप, ज्याच्यावर काही केल्या पाचच मिनिटं येत होती… त्याच्यावर काहीही न बदलता बिल्ड केलं. अर्धं मिनिट.

रविवारी मी साताऱ्याला गेले. काकूंना कबूल केलं होतं, आणि घरात बसवतही नव्हतं. पेठ नाक्यावरून हायवेला लागले, पण कराडला माहेरीसुद्धा थांबले नाही. मनात एवढंच होतं की काकांजवळ जरा बसावं. झालेलं सांगायचं नाही हे पक्कं होतं, त्यांना ताण नको.

काकूंनी पाणी दिलं आणि मला आधी स्वयंपाकघरात नेलं. म्हणाल्या, तुला फोन केला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भलतंच झालं. मी त्यांना दुपारची गोळी देऊन भांडी घासत होते. आतून आवाज आला म्हणून धावले, तर हे पलंगावर बसलेले. कुणाचा आधार न घेता. आणि उजवा हात वर. जो हात वर्षभरात बोटभर हलला नव्हता, तो सरळ वर, मूठ आवळलेली, काहीतरी जड अडवून धरल्यागत.

"अन् तोंडातनं आवाज," काकू म्हणाल्या. "एकसारका. आँ करून. मी म्हनलं झटका आला दुसरा. शेजारचं दोघं आलं, हात खाली घ्यायला बघत हुतं, हात हलंना. तोंड लालबुंद झालं, दम लागला, तरी आवाज थांबंना. मी देवाचं नाव घेत बसले पायाशी."

मी विचारलं, किती वेळ?

"घड्याळ कुनी बघितलं, बाळ? चार-पाच मिण्टं तरी आसंल. मग एकदम सोडलं बग. हात पडला, घाम आला, आनि जे झोपलं ते संध्याकाळीच उठलं. तवापास्नं शांत हायत. दांड्यावर हात आपटनं न्हाई, काय न्हाई."

ती दुपार कुठली ते मी दोनदा विचारलं. तीच होती. गोळीची वेळ कधीची असते तेही विचारलं. काकूंना वाटलं मी डॉक्टरांना सांगण्यासाठी विचारतेय.

मी आत जाऊन काकांच्या पलंगाजवळ बसले. ते माझ्याकडे बघत होते. उजवा हात चादरीवर निपचित, नेहमीसारखा. मी इकडचं तिकडचं बोलले, ऑफिसातलं, उन्हाचं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि ओठ हलवायला लागले. वर्षभर त्या तोंडातून शब्द आला नव्हता. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

"पोर… निगाली?"

काकूंनी मला विचारलं, कोण गं पोर?

मी काकूंनाही काही सांगितलं नव्हतं. साताऱ्यात कुणालाच माहीत नव्हतं की हौदात कुणी होतं. ते त्या धनगराच्या लेकराबद्दल विचारत होते की माझ्याबद्दल, तेही मला आजवर कळलेलं नाही. कारण ते मला कायम ‘पोरी’च म्हणत आले.

मी म्हटलं, "निघाली काका. म्हातारी पण निघाली. कोकरंसुद्धा सगळी निघाली."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.

या गोष्टीला आता काही महिने झाले. काका पुढे थोडे सुधारले, आता चार-दोन शब्द बोलतात, काठी घेऊन अंगणात येतात. मी एकदा त्यांना त्या दुपारचं विचारलं. त्यांनी मान हलवली, काही आठवत नाही म्हणून. मला त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. बिरू या विषयावर बोलत नाही. त्यानं सातारा आणि सांगली या दोन्ही ब्रांचमधली भोंग्याची फाइल एकच करून टाकलीय, आणि ती कुणी बदलायची नाही असा सरांचा आदेश आहे.

या सदराचे वाचक हुशार असतात, त्यातले पुष्कळ जण माझ्याच धंद्यातले असतील. तुम्ही म्हणाल, घड्याळाचा दोष, मेमरीचा दोष, रिले चिकटला असेल. हे सगळं मी तपासलंय, आणि त्यातलं एखादं माझ्याकडून सुटलंही असेल. सापडलं तर जरूर कळवा, मी मान्य करीन. भोंग्याला कारण असू शकतं. पण त्या खोलीत, माझं मनगट धरून, काकांनी जे विचारलं… ते त्यांना कोणी सांगितलं, याचं कारण कुठे शोधायचं तेवढं मला कळत नाही. आणि तेवढ्यासाठी अजूनही मधेच जेवणावरून उठते, खिडकीपाशी जाऊन उभी राहते.